हाताला मानवणारी रायफल

शिकारीची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल निवडायची म्हटली की चर्चा आधी ताकदीवर जाते: काडतूस किती मोठं, गोळीचा वेग किती. हे आकडे कागदावर छापता येतात, म्हणून त्यांना भाव. हातातला तोल कुठल्या तक्त्यात बसवणार? पण निवडीचा पहिला हक्क हाताचाच आहे, आणि त्याला पुरावा आहे. 'कारामोजो' बेल या शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने. हे नाव भारदस्त असलं तरी काडतूस म्हणजे १८९०च्या दशकातलं ७ मिलिमीटरचं माउझरच. आज ते हरणासाठी पुरेसं मानतात. आज त्या शिकारीचं कौतुक वाटत नाही, पण तिच्यातलं गणित खोटं ठरत नाही. हत्तीची कवटी कापवून मेंदू नेमका कुठे असतो, हे बेलने पाहून ठेवलं होतं. खांद्याला दणका न देणारी, हलक्या काडतुसाची रायफल असली की बार उडताना डोळे मिटत नाहीत आणि गोळी ठरल्या जागी जाते.

यावर आक्षेप येतो, की बेल लाखात एक. त्याच्यावरून नियम कसा काढायचा? आक्षेप रास्त आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी धोकादायक जनावरांसाठी .३७५ कॅलिबरची किमान मर्यादा घातली, ती सामान्य नेमबाजाचा विचार करूनच. मर्यादा पाळावीच. मात्र तिच्याही वर, केवळ धास्तीपोटी, आणखी मोठी तोफ उचलणारा माणूस धक्क्याच्या भीतीने चाप हिसकतो, नेम चुकतो, आणि जखमी जनावर झाडीत शिरतं. धक्क्याइतकंच वजनही महत्त्वाचं. कुमाऊंमध्ये चौगढच्या नरभक्षक वाघिणीसमोर जिम कॉर्बेट उभा होता १९३० साली. डाव्या हातात रातव्याची दोन अंडी, रायफल एकट्या उजव्या हातात, वाघीण आठ फुटांवर. तिला बिचकू न देता नळी एका हाताने हळूहळू फिरवायची होती. वजनदार रायफल तिथे काय कामाची?

मग बोल्टची रचना. १८९८च्या माउझरमध्ये काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच एक रुंद पोलादी नखी त्याची कड धरते. घाईत बोल्ट अर्धवट ओढून पुन्हा ढकलला, तरी दोन काडतुसं एकात एक अडकत नाहीत. १९६२च्या रेमिंग्टन ७००मध्ये बोल्ट काडतुसाला नुसता पुढे लोटतो; पकड बसते ती शेवटी. ही रचना स्वस्त, भक्कम आणि नेमाला उत्तम. अमेरिकन मरीननी आपली स्नायपर रायफल तिच्यावरूनच घेतली. दोनशे मीटरवरच्या हरणासाठी मीही तीच सुचवेन, तिथे नखीचे जादा पैसे कशाला? जनावर अंगावर येऊ शकतं अशा रानात मात्र थरथरत्या हाताची चूक पोटात घालणारं यंत्र हवं. विंचेस्टरने १९६४ साली खर्च वाचवायला आपल्या मॉडेल ७० रायफलची नखी काढून टाकली आणि गिऱ्हाइकं बिथरली. १९९०च्या दशकात ती परत आणावी लागली. जुन्या मॉडेल ७०चा सौदा करताना आजही पहिला प्रश्न हाच: चौसष्टच्या आधीची की नंतरची?