मान खाली, डोळे बंद

पाच हजार फुटांवर आलो की मी शिकाऊ वैमानिकाला सांगतो, "कंट्रोल माझ्याकडे. मान खाली घाल, डोळे मीट." मग हलक्या हातानं विमान डावीकडं झुकवतो आणि अर्धा मिनिट तसंच वळत ठेवतो. तितक्याच हळू सरळ करून विचारतो, "कुठं वळतोय?"

"उजवीकडं, सर."

उत्तर अगदी ठाम असतं. डोळे उघडून समोर सरळ क्षितिज दिसलं की चेहरा उतरतो. मला धास्ती वाटते ती त्या ठामपणाची.

आपल्या कानात खोलवर तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव. वळण सुरू झालं की द्रव मागं रेंगाळतो, आत केसांसारखे तंतू वाकतात, आणि आपण वळतोय हे कळतं. पण वळण वीसेक सेकंद एकसारखं चाललं की द्रवही त्याच वेगानं फिरू लागतो. तंतू उभे राहतात, मेंदू म्हणतो, सरळ चाललोय. विमान खरंच सरळ केलं की द्रव पुढं धावतो आणि उलटं वळण जाणवतं. जमिनीवर डोळे ही चूक लगेच दुरुस्त करतात. ढगात डोळ्यांना धरायला काहीच नसतं. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठानं फक्त उपकरणांवर विमान चालवायची सवय नसलेल्या २० वैमानिकांची परीक्षा घेतली. सगळ्यांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत.

म्हणून उपकरणांवर विश्वास ठेव, असं शिकवतात. मी तेवढ्यावर थांबत नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. कप्तानासमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडून विमान उजवीकडं कललंय असं दाखवत होतं. खाली काळा समुद्र. कप्तान विमान डावीकडं वळवत गेले. म्हणून माझ्या विद्यार्थ्याची नजर एका डायलवर खिळली की मी त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारतो. क्षितिज, दिशा, उंची, पुन्हा क्षितिज. एकाची साक्ष दुसऱ्याकडून पडताळायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एकजण पहिल्यांदाच खऱ्या ढगात शिरला. काचेबाहेर नुसतं पांढरं. त्याचं अख्खं अंग डावीकडं कललेलं, खांदा दाराला टेकलेला.

"सर, फार तिरकं वाटतंय."

"वाटू दे. डायल काय म्हणतात?"

त्यानं एकेक करून सगळ्यांवर नजर फिरवली. "सरळ."

आणि तसाच कललेल्या अंगानं त्यानं विमान सरळ धरून ठेवलं.