नाव कुणाचं, शिलाई कुणाची

ईदला माझा भाचा पुण्याहून जळकोटला आला होता. तो गेम बनवणाऱ्या एका स्टुडिओत चित्रं काढतो. शीरखुर्मा पिता पिता मी विचारलं, "सध्या काय चाललंय?"

"मामू, सांगता येत नाही. सही करून दिलीय."

"मग बाजारात आला की दाखव."

"त्यात माझं नाव नसेल."

अम्मी म्हणाली, "म्हणजे तुझ्या नानांसारखंच की."

अब्बा शिलाईकाम करायचे. सोलापूरचा व्यापारी शाळेच्या गणवेशाचं कापलेलं कापड पाठवायचा, अब्बा शिवून गठ्ठा एसटीने परत पाठवायचे. पैसे नगावर. काज वाकडं निघालं की नग परत, दुरुस्ती आपल्या खर्चाने. कॉलरवरची चिठ्ठी व्यापाऱ्याची. एका जूनमध्ये त्याने "माल खपला नाही" म्हणत अर्धी मजुरी दिलीच नाही. लिहून घेतलेलं काहीच नव्हतं.

भाच्याने सांगितलेला हिशोब फार वेगळा नव्हता. प्रकाशक स्टुडिओला टप्प्याटप्प्याने पैसे देतो. टप्पा पसंत पडला तर पुढचा हप्ता. ही रक्कम बहुतेक वेळा उचल असते. गेम विकला गेला की आधी उचल वळती होते, मग स्टुडिओचा हिस्सा सुरू होतो. शेवटी कन्सोलवाल्या कंपनीची तपासणी. खेळताना कंट्रोलर मधेच बंद पडला तर गेम नीट थांबतो का, हेसुद्धा बघतात. नापास झाला की नग परत!

नावाचं दुखणंही जुनंच. अटारीच्या वॉरन रॉबिनेटने 'ॲडव्हेंचर' गेममध्ये एका गुप्त खोलीत स्वतःचं नाव दडवलं होतं, कारण कंपनी नाव छापत नसे. 1979 मध्ये अटारीचे चार प्रोग्रॅमर बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन उभी राहिली. दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम बनवणारी ती पहिली स्वतंत्र कंपनी. पुढे सुमार गेमांचा पूर आला आणि 1983 मध्ये अमेरिकेतला बाजार कोसळला. त्यातून निन्टेंडोने धडा घेतला. बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम, कार्ट्रिज निन्टेंडोच बनवणार आणि त्याचे पैसे आगाऊ. दर्जा सांभाळला गेला, पण लगामही एकाच हातात गेला.

अर्थात सगळेच बिननावाचे राहत नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' बनवला. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तरी ते थांबले नाहीत. 18 ऑगस्ट 2020 ला 'राजी' आधी निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' सोनीने आपल्या इंडिया हीरो प्रोजेक्टमध्ये घेतला.

रात्री भाच्याने खरं कारण काढलं. दोन मित्रांसोबत त्याला स्वतःचा स्टुडिओ काढायचाय. एका प्रकाशकाने कराराचा मसुदा पाठवलाय. "पैसे बरे आहेत मामू. करू का सही?"

मला गेममधलं कळत नाही. पण कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282वी, नमाज-रोज्यावर नाही; उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. मी त्याला इतकंच म्हटलं, "तीन गोष्टी त्यात शोध. पात्रं आणि गोष्ट कुणाच्या मालकीची राहणार? त्यांनी मधेच काम बंद केलं तर झालेल्या कामाचे पैसे मिळणार का? आणि तुमची नावं छापणार का?"

त्याने मोबाइलवर मसुदा उघडला. पहिल्याचं उत्तर होतं: प्रकाशकाच्या. दुसऱ्या आणि तिसऱ्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सही न करताच तो पुण्याला गेला. मित्रांशी बोलून वकिलाला दाखवतो म्हणाला. बस हलल्यावर अम्मी म्हणाली, "त्या वेळी यांनाही कुणी विचारायला सांगितलं असतं तर..."