माजोर्ड्याचे मेस्त

आमचे वास्तव्य फोंडे महालात. देवळातील चौघडा आणि भजनी सप्ताह यांवर आमचे कान घडले. सासष्टीतील माजोर्डा येथून दूर नाही. तरी तेथील इगर्जीपुढे उभे राहण्यास आम्हांस पन्नाशी उलटावी लागली!

पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या इगर्जींना जोडून शाळा असत. तेथे संगीत शिकविणाऱ्यास ‘मेस्त’ म्हणत. मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवावी, हाती व्हायोलिन द्यावे, प्रार्थनेच्या वेळी गायकवृंद सांभाळावा, हे त्याचे काम. माजोर्ड्याच्या इगर्जीत हे काम जुझे आंतोनियु गोन्साल्विस करीत. पुत्र अँथनी (जन्म १९२७) त्यांच्यापाशीच शिकला आणि १९४३ साली मुंबईस जाऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागला. पुढे अनेक चित्रपटगीतांचे वाद्यमेळ त्याने बांधले. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात त्याने भारतीय रागांवरील स्वतःच्या रचना भव्य वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. गायनास लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. सारंग रागावर व्हायोलिनची रचना करणाऱ्या या कलावंताची पहिली पाटी मात्र इगर्जीतली!

त्याच्या शिष्यांपैकी एक प्यारेलाल. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटास लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत होते. त्यातील विनोदी गाण्यात नायक आपले नाव अँथनी गोन्साल्विस सांगतो. ते नाव शिष्याने गुरूला वाहिलेले फूल होते.

वाचकहो, येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी हे गाणे गुणगुणणाऱ्या एका मुलास आम्ही तासभर बाकावर उभे केले होते. थिल्लर गाणी शाळेत नकोत, असा आमचा बाणा! एका शिष्याच्या गुरुवंदनेला आपण शिक्षा करीत आहोत, हे एम.ए. झालेल्या आम्हां मास्तरांस कळले नव्हते.

अँथनी उतारवयात माजोर्ड्यास परतले आणि २०१२ साली गोव्यातच निवर्तले. त्यांचे नाव देशभर गाजले; ज्या पित्याने त्यांना सूर दिले, त्याचे नाव गावाबाहेर कितीजण जाणतात? शिक्षकाचे प्राक्तन हेच.

सायंकाळची घंटा झाली तशी आम्ही चपला काढून पायरीवर उभे राहिलो. आत कोणी पेटीवर सूर धरीत होते. बाकावरच्या त्या मुलाचे नाव आठवण्याचा आम्ही पुष्कळ प्रयत्न केला, आठवले नाही.