गजामागे बोट गेलं पाहिजे

कोकणातल्या जुन्या जेट्टीचा खांब कुठे कुजलाय, ते ओहोटीला लांबूनही कळतं. कायम पाण्याखाली असलेला भाग बहुधा धड असतो. गंजायला लागणारा प्राणवायूच तिथे पुरेसा पोचत नाही. दुखणं असतं ते भरतीच्या आणि वर उडणाऱ्या तुषारांच्या पट्ट्यात. काँक्रीट भिजतं, सुकतं, पुन्हा भिजतं. पाणी उडून जातं, मीठ आत साचत राहतं. त्यातलं क्लोराइड गजापर्यंत पोचलं की सिमेंटच्या अल्कलीने गजावर धरलेलं कवच फुटतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून गजावरचं काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर, फुगून सुटतं. भरतीच्या पट्ट्यासाठी काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 एम 40 काँक्रीट आणि 75 मिमी कव्हर मागतं. जुन्या कामात 50 निघालं तरी आम्ही खूश!

दुरुस्तीच्या सिमेंट-वाळूच्या मालात मिसळायला एसबीआर (स्टायरीन-ब्युटाडाईन रबर) लॅटेक्स येतं, दुधासारखं पांढरं. मालातलं पाणी कमी होत जातं तसे पॉलिमरचे कण एकमेकांना चिकटतात आणि छिद्रांत पातळ पडदा धरतात. सिमेंटच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के घन पॉलिमर पडलं की खाऱ्या पाण्याची वाट अरुंद होते, जुन्या काँक्रीटवरची पकडही सुधारते. क्युरिंग मात्र उलटं. सिमेंटला ओल हवी, पडद्याला सुकणं. एक-दोन दिवस ओलं गोणपाट, मग हात आवरायचा. जन्मभर पाणी मारत आलेला मिस्त्री दर वेळी विचारतो, "साहेब, खरंच नको मारू?" हे सुकणं साधावं म्हणून वरच्या, तुषारांच्या पट्ट्याचं काम मी अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीत काढतो, पाणी तेवढं वर चढत नाही. रोज बुडणाऱ्या पट्ट्यात हा माल वापरतच नाही. आणि स्वस्तातलं पीव्हीए तर किनाऱ्यावर नकोच, ते ओलीत पुन्हा मऊ पडतं.

एवढं करूनही ठिगळाच्या कडेला नवा गंज धरतो. आधी सडका भाग स्वतः गंजून शेजारच्या गजाला वाचवत होता. तो दुरुस्त झाला की खारट काँक्रीटमधल्या शेजाऱ्याची पाळी येते. यावर लॅटेक्सचा इलाज नाही. खारावलेलं काँक्रीट गजाच्या मागेही 20-25 मिमी फोडून काढावंच लागतं, आणि कंत्राटदार नेमका तिथेच घाई करतो.

किनाऱ्यावरच्या घराचा स्लॅब दुरुस्तीला काढला असेल, तर केमिकलचं नाव नंतर विचारा. उघड्या गजामागे बोट जातं का ते आधी बघा, मगच माल लावू द्या.