दगडाला पाझर

मराठी भाषेने दगडाला जेवढे छळले आहे, तेवढे पाथरवटानेही छळले नसेल. मुलगा गणितात नापास झाला की त्याच्या डोक्यात दगड भरलेले असतात. सून मनासारखी मिळाली नाही की सासूच्या पदरात धोंडा पडतो. आपले नुकसान आपणच करून घेतले तर पायावर धोंडा, दोन वाइटांतून एक निवडायचे तर दगडापेक्षा वीट मऊ, आणि ज्याला कशाचेच काही वाटत नाही त्याचे काळीज दगडाचे! अशा भाषेत लहानाचा मोठा झालेल्या माणसाने पस्तिशी उलटल्यावर दगड जमवायला लागावे, हे जरा धाडसाचेच. बँकेत मला 'दगडूशेठ' म्हणतात. त्यातला 'शेठ' माझा पगार पाहून कोणी गंभीरपणे घेत नाही. 'दगडू' मात्र सगळ्यांना पटतो.

गंमत म्हणजे हा छंद मला बँकेनेच लावला. पुण्याजवळच्या एका दगडखाणीच्या मालकाचे कर्ज थकले होते. साहेब वसुलीला निघाले आणि कागद धरायला मला बरोबर घेतले. साहेब आणि मालक हप्त्यांवर बोलत होते, म्हणजे साहेब बोलत होते आणि मालक चहा सांगत होते. मी इकडेतिकडे पाहत होतो. सुरुंगाने फुटलेल्या एका काळ्या धोंड्याच्या पोटात पोकळी होती आणि तिच्यात अबोलीच्या रंगाचे, चकचकीत स्फटिक दाटीवाटीने बसले होते. डाळिंब फोडावे तसे. मी तो तुकडा रुमालात बांधून आणला. कर्ज पुढे बुडाले. त्या खात्यातून बाहेर आलेली एकमेव वस्तू आजही माझ्या कपाटात आहे.

मग मी वाचू लागलो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला भूगर्भशास्त्र समजत नाही असे नाही, फक्त आकडे बघून धाप लागते. आपला हा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या रूपाने वाहत आला आणि थरावर थर साचत गेले. आज उरला आहे तोच जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर पसरला आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे कातळातून झिरपणाऱ्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत सावकाश स्फटिक घडवले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. तो घाट फोडताना निघालेले असे दगड थेट युरोपातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. आपण मात्र त्याच घाटातून जाताना खिडकीबाहेर बघत वडापाव खातो.

यांतल्या बऱ्याच खनिजांना 'झिओलाइट' म्हणतात. १७५६ साली क्रोन्स्टेड नावाच्या स्वीडिश गृहस्थांनी असा एक दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसू लागला. म्हणून नाव ठेवले 'उकळता दगड'. आतले पाणी बाहेर पडत होते. दगडात पाणी असते हे वाचून मला पहिल्यांदा आमच्या साहेबांबद्दल आशा वाटू लागली.

घरात या छंदाचे स्वागत बेताचेच झाले. शोकेसमधले कपबशांचे सेट हळूहळू माळ्यावर गेले. अ‍ॅपोफिलाइट नावाचा स्फटिक थेट खडीसाखरेसारखा दिसतो. तो शेजारच्या बंड्याने चाटून पाहिला आणि "काका, तुमची खडीसाखर शिळी आहे" असे सांगून गेला. आमच्या सौ.चे म्हणणे एवढेच, की लोकांचे नवरे सोने आणतात, चांदी आणतात. तीही जमिनीतूनच निघते.

अशा एकाकी अवस्थेत मला मास्तर भेटले. मास्तर जळगावचे, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. पुण्यात दगडांचे प्रदर्शन भरले होते. एकाच टेबलावरच्या एकाच दगडावर आम्ही दोघे आपापले भिंग घेऊन एकाच वेळी वाकलो आणि कपाळावर कपाळ आपटले. "दोन दगड आपटले की ठिणगी पडायची," मास्तर कपाळ चोळत म्हणाले, "आपली ओळख पडली." तेथेच चहा पिताना करार झाला. दर दिवाळीला एकमेकांना एक दगड पाठवायचा. नियम चार. दगड विकत घेतलेला नसावा. सोबत तो कुठला, कधी मिळाला याची चिठ्ठी असावी, कारण ठिकाण न लिहिलेला दगड म्हणजे सही नसलेला चेक. खोके पाडव्यालाच उघडावे. आणि चौथा नियम मास्तरांनी स्वतः घातला : दगड असा निवडावा, की देताना हात अडखळला पाहिजे.

नऊ दिवाळ्या हा करार सुरळीत चालला. यंदाची दहावी.

यंदा माझ्याकडे पाठवण्यासारखा माल होता. वाघोलीकडच्या एका खाणीवर काम करणाऱ्या माणसाला मी बचत खात्याचा फॉर्म भरून दिला होता. आठ दिवसांनी तो काउंटरवर आला आणि फडक्यात बांधलेले दोन दगड पुढे सरकवले. बँकेच्या नियमांत हे बसते की नाही, ते मी अजून कोणाला विचारलेले नाही. कारण दोन्हींवर कॅव्हन्साइट होते! कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तिघांची आद्याक्षरे जोडून केलेले हे नाव. सापडले पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनात, पण जगभरच्या संग्राहकांना ओढ लावली ती आपल्या वाघोलीच्या दगडांनी. दिसायला पांढऱ्याशुभ्र स्फटिकांवर कोणी कपड्यांच्या निळीची गोळी ठेवावी तसे.

एका दगडावरची गोळी अखंड होती. दुसऱ्याचा कोपरा उडालेला आणि गोळीही अर्धीच.

मी कोणता पाठवला, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल. पण मी तो विनाविचार पाठवला असे कृपा करून समजू नका. चांगला तासभर विचार केला. मास्तरांची दृष्टी आता पूर्वीसारखी नसेल. फुटका असला तरी दगड दुर्मीळच. शिवाय अखंड दगड प्रवासात फुटला तर? फुटक्याला ती भीती नाही! वाणिज्य शाखेत आम्हांला हेच शिकवतात : निर्णय आधी घ्यायचा आणि कारणे मागाहून खतवायची. उडालेला कोपरा खाली करून मी दगड कापसात बसवला आणि चिठ्ठीच्या शेवटी लिहिले, 'अल्पशी भेट गोड मानून घ्यावी.' पत्रातल्या नम्रतेत आयुष्यात प्रथमच मी खरे बोललो होतो.

धनत्रयोदशीला मास्तरांचे खोके आले. कुरिअरचा मुलगा तीन जिने चढून घामाघूम झाला होता. "काका, लोखंड भरलंय का यात?" मी सही केली आणि दार लावले.

पाडव्याला ओवाळणे झाले. तबकात मी पाकीट घातले. सौ.ने ते वजनावरून जोखले आणि खोक्याकडे बोट दाखवून म्हणाली, "उघडा आता तुमची ओवाळणी." खोक्यात खोके निघाले, त्यात जुने धोतर, धोतरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात भुशात पुरलेला दगड. भुसा फुंकला मात्र, माझ्या हाताला कंप सुटला.

तो विहिरीचा दगड होता. नऊ वर्षे मास्तरांच्या पत्रांतून मी त्याच्याविषयी वाचत आलो होतो. काळ्या कातळाच्या तळहातावर बोटबोटभर उंचीचे, काचेसारखे पारदर्शक अ‍ॅपोफिलाइटचे मनोरे, आणि त्यांच्या पायाशी मधोमध बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे स्टिल्बाइटचे अबोली जुडगे. सोबत चौकटीच्या वहीचा कागद :

'स. न. वि. वि. चौथा नियम मी केला आणि नऊ वर्षे मीच मोडला. दर दिवाळीला हा दगड फळीवरून खाली काढत असे, पुसत असे, परत वर ठेवत असे आणि त्याच्या शेजारचा तुम्हांला पाठवत असे. तुमचे दगड पाहून मात्र वाटे, हा गृहस्थ हातचे काही राखत नाही. गणिताच्या मास्तराने हातचा विसरणे वाईट, पण नऊ वर्षे हातचा राखून ठेवणे त्याहून वाईट. म्हणून यंदा हिशेब पुरा करीत आहे.

'१९७२ च्या दुष्काळात वडिलांनी विहीर खणायला घेतली. चाळीस फुटांवर कातळात पोकळी लागली. पाणी नव्हते, हा दगड होता. वडील म्हणाले, "पाणी मागितलं, देवानं धोंडा दिला." तरी तो फेकून न देता त्यांनी घरी आणला. का, ते कधी बोलले नाहीत. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मला कळले, की अ‍ॅपोफिलाइटच्या वजनात जवळजवळ सहावा हिस्सा पाणी असते. स्टिल्बाइटमध्ये थोडे अधिकच. कातळ वजा जाता स्फटिक बाराशे ग्रॅम धरा. उत्तर दोनशे. म्हणजे पेलाभर. विहिरीला पाणी लागले होते! वडिलांना हा हिशेब दाखवायचा राहिला, म्हणून तुम्हांला दाखवतो. ताळा पाहण्यासाठी दगड तापवू नये.'

मी कागद घडी करून खिशात ठेवला, परत काढला, परत ठेवला. नऊ वर्षांत मी पाठवलेले नऊ दगड डोळ्यांपुढून गेले. त्यांतले दोन बरे होते.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तरच. "अहो, निळा हिरा पाठवलात की! फक्त एक कोपरा उडालाय. कुरिअरवाल्यांनी आपटला असणार. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो!"

आणि मी, पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांना इमानाने हात लावणारा माणूस, म्हणालो, "हो ना! हल्ली ही कुरिअरवाली पोरं म्हणजे..."

फोन ठेवला आणि तीन जिने चढून आलेला तो मुलगा आठवला. त्याला मी पाणीसुद्धा विचारले नव्हते.

सौ.ने सगळे ऐकले होते. मी खरे ते सांगून टाकले. वाटले, ती हसेल. ती फराळाचे ताट भरत होती. "हे बघा," ती म्हणाली, "मोडकी चकली डब्यात घरासाठी राहते आणि अख्खी शेजारच्या ताटात जाते. माझ्या आईनं मला एवढंच शिकवलं. तुम्ही बी. कॉम. होऊन उलटं केलंत."

भाऊबीज आटोपली त्याच रात्री मी जळगावच्या गाडीत बसलो. दिवाळीची गर्दी, मांडीवर डबा, डब्यात अखंड कॅव्हन्साइट. शेजारच्या आजोबांनी रात्रभरात तीनदा विचारले, "करंज्या का?" तिसऱ्यांदा मी हो म्हणालो.

सकाळी मास्तरांनी दार उघडले. मला पाहून त्यांनी आश्चर्य दाखवले नाही, आधी आत जाऊन पाणी आणले. तो पेला हातात घेऊन मी बघतच राहिलो. दोनशे ग्रॅम असावे. मग एका दमात पाणी प्यायलो आणि एका दमात बोललो. कुरिअर, कोपरा, कापूस, अल्पशी भेट, सगळे.

मास्तर शांतपणे उठले. कपाटातून माझा फुटका दगड काढला, भिंग माझ्या हाती दिले आणि म्हणाले, "फुटलेल्या जागी बघा. काय दिसतं?"

"माती."

"खाणीची. परवाच्या दिवशी कुरिअरमध्ये उडालेल्या कोपऱ्यावर खाणीची माती कशी बसेल? मी गणिताचा मास्तर आहे, आंधळा नाही."

"मग फोनवर तुम्ही...?"

"वर्गात पोराचं उत्तर चुकलं की मी लगेच फुली मारत नसे. एकदा परत करून आणायला सांगत असे. बहुतेक पोरं आणायची." आणि मास्तर पोट धरून हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आले. माझ्या डोळ्यांना आले ते हसून नव्हे, पण मास्तरांची दृष्टी पूर्वीसारखी नसावी अशी मी पुन्हा एकदा आशा केली.

अखंड दगड त्यांनी ठेवून घेतला. फुटका मी परत मागितला, तर दिला नाही. त्याच्याखालची माझी चिठ्ठी काढून त्यांनी नवी लिहिली : ठिकाण, साल आणि खाली 'कोपरा मूळचाच'.

विहिरीचा दगड आता आमच्या शोकेसमध्ये मधल्या फळीवर आहे. त्याच्यासाठी कपबशांचा उरलेला शेवटचा सेट सौ.ने स्वतःच्या हाताने माळ्यावर टाकला. बंड्याला चाटायची सक्त मनाई आहे. आणि कुरिअरचा मुलगा आला की सही करण्याआधी मी त्याला पाण्याचा पेला देतो. परवा तो म्हणाला, "काका, नको, तहान नाही." मी म्हटले, "पी रे बाबा. हिशेबातलं आहे."