रात्र आखणारा माणूस

डिसेंबर जवळ आला की मावशीचं पोस्टकार्ड यायचं. ‘तिकिटं काढली आहेत. घोंगडी आणा.’ खाली सही. बाबा ते कार्ड देवघरातल्या फळीवर ठेवायचे आणि त्या दिवसापासून आमच्या साताऱ्याच्या घरात पुण्याचा ‘सवाई’ संगीत महोत्सव सुरू व्हायचा.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. मी तेव्हा अकरावीत. एसटीनं स्वारगेट, तिथून नारायण पेठेतलं मावशीचं घर. मावशीनं दशम्या, लसणाची चटणी, चहाचा थर्मास आणि प्रत्येकाची कानटोपी असं सगळं मांडून ठेवलेलं असे. संध्याकाळी वळकटी काखेत मारून रमणबाग शाळेचं मैदान गाठायचं. आमचं तिकीट भारतीय बैठकीचं. सतरंजी अंथरली, की पुढचे तीन दिवस तेच आपलं घर. डाव्या हाताला इचलकरंजीचं एक कुटुंब दरवर्षी असायचं. त्यांच्या चिवड्याची चव मला अजून आठवते.

तेव्हा मी फक्त गाणं ऐकत होते. त्या मांडवात केवढं नियोजन चाललेलं होतं, ते कळायला पुढं बरीच वर्षं गेली.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. 12 सप्टेंबर 1952 रोजी ते गेले आणि 1953 पासून त्यांच्या शिष्यानं, भीमसेन जोशींनी, पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. तेव्हा भीमसेनजी अवघे एकतीस वर्षांचे होते. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या साथीनं त्यांनी पुढं जवळजवळ पन्नास वर्षं हा व्याप सांभाळला. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर ही त्यांची गुरुभावंडं. ती गायला बसली की आमच्या सतरंजीवर बाबा सावरून बसायचे. गुरूच्या घरचं कार्य आहे, असं म्हणायचे.

त्या महोत्सवाची खरी कमाल मला वाटते ती क्रमाची. कलाकारांची नावं मिळवणं कष्टाचं असतं, पण कुणाच्या मागून कोण, आणि कुठल्या प्रहरी कोण, हे ठरवायला गाण्यातलाच माणूस लागतो. एरवीच्या संध्याकाळच्या मैफलीत यमन, फार तर बागेश्री. इथं रात्रच्या रात्र हाताशी होती. मध्यरात्र उलटल्यावर दरबारी, मालकंस. पहाटे मांडवाच्या फटीतून गार वारा आत येऊ लागला की ललित. आणि उन्हाची पहिली तिरीप कापडावर पडली की तोडी. ज्या वेळेचा राग, त्याच वेळेला, उघड्या मैदानावर. घरी रेकॉर्डवर कितीदाही ललित लावा, तो असा भेटत नाही. आधी नवा गळा, मग जाणता, मध्ये सतार किंवा बासरी, म्हणजे कान थकत नाहीत. सगळ्यांच्या शेवटी भीमसेनजी. यजमानानं पंगत उठल्यावर जेवायला बसावं, तसे ते गायचे. तीन दिवसांची जबाबदारी डोक्यावर घेऊन, सकाळी तो षड्ज तसाच लावायचा! मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

पुढं लग्न होऊन मी एका लहान गावात गेले आणि तिथल्या मंडळींबरोबर वर्षाला एक मैफल करू लागले. पहिल्याच वर्षी आम्ही चुकलो. बुवांनी मारवा गायचं कबूल केलं होतं आणि आम्ही सहाची वेळ छापली होती. दीपप्रज्वलन, सत्कार, चार भाषणं. तंबोरे जुळून तयार, पण पडदा उघडला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दिवेलागणीचा मारवा त्या वेळी कसा गाणार? बुवा काही बोलले नाहीत. त्यांनी यमन गायला, सुंदर गायला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या वर्षापासून आमच्या मैफलीत भाषण नसतं. सत्कार गाणं झाल्यावर, दोन मिनिटांत.

रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावण्याला बंदी आली आणि सवाईच्या त्या रात्री संपल्या. नियमाचं कारण मला पटतं. मैदानाला लागून घरं आहेत, त्यांत आजारी माणसं असतात. तरीही मन हळहळतं. आता महोत्सव दुपारीच सुरू होतो, त्यामुळे भीमपलास, मुलतानी यांना त्यांची वेळ मिळते, हेही खरं. पण मध्यरात्रीचा दरबारी आता त्या मांडवात होत नाही.

2011 च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि महोत्सवाच्या नावात गुरूशेजारी शिष्याचं नाव आलं. 2018 मध्ये रमणबागही सुटली. मांडव आता मुकुंदनगरला पडतो. मावशी नाही, बाबा नाहीत. मी जाते, घोंगडी घेऊनच.

शेवटच्या दिवशी सांगता होते ती सवाई गंधर्वांच्या भैरवीच्या ध्वनिमुद्रिकेनं. त्या वेळी चपला शोधायला उठू नका. बसून ऐका.