बाजारचा खाऊ

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की मांजरसुंब्याचा घाट चढून गाडी बालाघाटाच्या माथ्यावर येते आणि तिथून केज-अंबाजोगाईचा रस्ता वेगळा होतो. नांदूरघाट याच टापूत, केज तालुक्यात. दोन्ही हातांना ज्वारी, तूर, मध्येच सोयाबीन. बाजाराच्या दिवशी वाट विचारावी लागत नाही. जीप, दुचाक्या आणि रिकाम्या पिशव्या घेतलेली माणसं सगळी एकाच दिशेने निघालेली असतात.

मी निघाले होते ते बाजारात मिळणारं खाणं बघायला. तैवानच्या रात्रबाजारांबद्दल वाचल्यापासून आपला आठवडी बाजार मला वेगळा दिसू लागला होता. तिथल्या कीलुंग शहरातला प्रसिद्ध खाऊबाजार देवळाच्या दारातच वाढला. दर्शनाला आलेल्यांना भूक लागते, म्हणून आधी टोपल्या आल्या, मग गाडे. पुढे कामावरून सुटल्यावर मजूर तिथेच जेवू लागले. कालवं घातलेलं अंड्याचं धिरडं, खमंग तळलेले आंबवलेले टोफू असं स्वस्त आणि पोटभरीचं खाणं त्यांच्यासाठी होतं. पर्यटक खूप नंतर आले. आपल्या जत्रा, उरूस आणि बाजार याच कुळातले. फरक वेळेचा. तैवानात दिवेलागणीला गाडे लागतात. इथे दिवेलागणीला शेवटची गर्दी होते, कारण माणसांना वाडी-वस्तीवर परतायचं असतं. म्हणून इथला खरा खाऊ सोबत न्यायचा असतो.

त्यात पहिला मान गोडी शेवेचा. बाजाराच्या कडेला एका पालाखाली ती तयार होताना मी उभी राहून पाहिली. बेसनाची जाड शेव आधीच तळून ठेवलेली होती. दुसऱ्या कढईत गुळाचा पाक उकळत होता, काळसर, मोठमोठे बुडबुडे येणारा. बाईंनी वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकला, बोटाने चाचपला, मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा टाकला. या वेळी त्याची गोळी झाली. लगेच कढई खाली, शेव आत, आणि त्यांच्या यजमानांनी दोन्ही हातांत उलथनं घेऊन ती खालीवर करायला सुरुवात केली. आधी आवाज ओला, चिकट. मग गूळ वाळत गेला तसा आवाज बदलला, शेवेचे तुकडे एकमेकांवर खडखडू लागले. हात थांबला असता तर सगळ्याचं एकच ढेकूळ झालं असतं. बाईंनी चिमूटभर माझ्या हातावर ठेवली. बाहेरून कुरकुरीत, आत तेलाचा खमंगपणा, आणि शेवटी गुळाचा किंचित खारटपणा. साखरेच्या पाकातल्या शेवेला ही चव नाही, हे माझं ठाम मत आहे.

"ताई, पाव किलो देऊ का?" त्यांनी विचारलं. शेजारचे म्हातारबाबा घाईत होते. "मला आधी द्या मावशी, लेकरं वाट बघायलेत."

पलीकडे मिरची भजी, जिलेबी, शेव-चिवडा, रेवड्या, फुटाणे. मुरमुऱ्यांची पोती उघडी ठेवलेली. हेच मुरमुरे भिजवून, फोडणीला घालून, वर शेंगदाण्याचं कूट टाकून मराठवाड्यात सकाळी सुशीला होते. भज्यातली मिरची आणि सुशील्यातला शेंगदाणा दोन्ही अमेरिका खंडांतून समुद्रापार आले, पण आता त्यांच्याइतकं इथलं दुसरं काही वाटत नाही.

हा मुलूख कायम वाटेवरचा राहिला. बालाघाटातून लमाणांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य वाहायचे. फौजांनाही रसद तेच पुरवायचे. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली ते खर्डा इथून पश्चिमेला, याच डोंगररांगांच्या आसपास. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वाटेवरच्या माणसाला टिकणारं, पाणी न लागणारं, मुठीत मावणारं खाणं हवं असतं. फुटाणे, गूळ, लाह्या, शेव: या पालातला बहुतेक माल त्याच गरजेतून आलेला आहे, असं मला वाटतं.

ती वाट अजून संपलेली नाही. दसरा-दिवाळीनंतर या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मजुरीची आगाऊ उचल हातात आली की निघण्याआधीच्या बाजारात खरेदी होते, आणि मग हंगामभर गावं ओस पडतात. ज्यांच्यासाठी खाऊ न्यायचा ती लेकरं एक तर आईबापांबरोबर फडात असतात किंवा आजीपाशी.

पालासमोरच्या टपरीवर चकचकीत पुड्यांच्या माळा लटकत होत्या. पाच रुपयांची पुडी पोरं आधी मागतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथल्या खाण्याला मान मिळतच नाही असं मात्र नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पाऊस कमी, म्हणून दुभती जनावरं; दूध नासायच्या आत आटवायचं, म्हणून खव्याच्या भट्ट्या. दुष्काळातून उभ्या राहिलेल्या या धंद्याचा तो योग्य मान झाला. बीडच्या सीताफळालाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं. गोडी शेव ही एका गावाची नाही, तिला तसं मानांकन मिळणारही नाही. पण कोणत्या बाजारात कोण ती करतं, गूळ कुठला वापरतात, पाक कसा ओळखतात, हे कुणीतरी लिहून ठेवायलाच हवं.

माझी अर्धा किलो बांधून देताना बाईंनी पुढचा सगळा फेरा सांगितला. आठवडाभर एकामागून एक गावचे बाजार, आणि चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा. "तवर ऊसतोडीचे कोयतेवाले बी माघारी येतेत," त्या म्हणाल्या. "यात्रंत कढई दिवसभर उतरत नाही बघा."